नानांचा मित्सुबिशी पुन्हा बागेत उतरवायचा आहे (जुना छोटा ट्रॅक्टर, सहा वर्षं उभा)

कादवाकाठ · २ ऑगस्ट, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात कादवेच्या काठाला आमची साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. बागेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांचा, म्हणजे नानांचा, मित्सुबिशी शक्ती एमटी १८०डी उभा आहे. साडेअठरा एचपी, तीन सिलेंडर. १९९६ साली घेतला तेव्हा आमच्या शिवारात बागेच्या ओळीत शिरणारा हा पहिलाच ट्रॅक्टर. मोठा ट्रॅक्टर मांडवाखाली जायचा नाही, काड्या मोडायच्या, म्हणून तोवर बागेतली मशागत बैलांवरच. शेजारपाजारचे लोक बांधावर उभे राहून बघायचे, असं आई सांगते.

नाना सहा वर्षांपूर्वी गेले. त्याच हंगामात आम्ही दुसरा ट्रॅक्टर घेतला आणि हा शेडमध्ये गेला तो गेलाच. गेल्या आठवड्यात भंगारवाला येऊन किलोचा भाव सांगून गेला. आई तेव्हा काही बोलली नाही. संध्याकाळी शेडमध्ये जाऊन सीटवरची धूळ पदराने पुसून आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भंगारवाल्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

आता परिस्थिती अशी आहे. पंख्याचा पट्टा धरून इंजिन फिरवायला गेलो तर जागचं हलत नाही. टाकीत अर्धं डिझेल आहे, त्याला आंबूस वास येतो. रेडिएटर कोरडा. मागच्या हायड्रॉलिकचं ऑईल दुधासारखं पांढरट. बॅटरी नाही. वायरिंग दोन ठिकाणी उंदरांनी कुरतडलंय. तालुक्यातल्या एका गॅरेजमध्ये विचारलं, तिथे म्हणाले, दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी बांधून ओढू, सुटेल इंजिन. माझं मन धजत नाही.

खंडेनवमीला पूजेत हा चालू अवस्थेत उभा असावा अशी इच्छा आहे, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर निदान दोन ओळी तरी चालवायचा आहे. सुरुवात कुठून करू?

ओझरमिस्त्री · २ ऑगस्ट, रात्री १०:०२

दादा, ओढू नका. एवढं एक ऐका, बाकीचं निवांत बोलू.

जाम इंजिन ओढलं की जे कमजोर असेल ते आधी मोडतं. रिंग भिंतीला गंजाने चिकटली असेल तर तुकडा पडतो आणि तोच तुकडा भिंतीवर ओरखडा काढतो. वॉल्व उघड्या अवस्थेत अडकला असेल तर पिस्टन वर येऊन त्यावर आदळतो, पुशरॉड वाकतो. हजार-दोन हजारांत सुटणारं काम मग पूर्ण इंजिन बांधण्यावर जातं. माझ्याकडे अशी ओढलेली इंजिनं येतात, म्हणून एवढं कळवळून सांगतोय.

आधी इंजिनचं ऑईल काढा. ड्रेन नट हळूहळू सैल करा आणि पहिलं काय बाहेर येतं ते बघा. पाणी ऑईलपेक्षा जड, ते तळाला बसतं आणि आधी तेच बाहेर येतं. पाणी आलं तर गंज आतून आहे असं समजा. मग तिन्ही इंजेक्टर (सिलेंडरमध्ये डिझेल फवारतात ते) काढा. काढण्याआधी आजूबाजूची माती ब्रशने आणि डिझेलने साफ करा, नाहीतर ती सगळी सिलेंडरमध्ये पडेल. निम्मं डिझेल, निम्मं इंजिन ऑईल एकत्र करून प्रत्येक सिलेंडरमध्ये दोन-तीन चमचे सोडा, भोकांवर स्वच्छ फडकं बसवा आणि दोन दिवस हातसुद्धा लावू नका. तिसऱ्या दिवसापासून पुढच्या पुलीच्या नटवर पाना लावून अगदी हलका जोर, एकदा इकडे, एकदा तिकडे. पान्याला पाइप लावून लांबी वाढवायची नाही. हाताला जेवढं कळतं तेवढंच. नाही हललं तर परत ऑईल घाला, परत थांबा.

आणि सुटल्यावर लगेच इंजेक्टर बसवून सेल्फ मारू नका. सिलेंडरमध्ये साचलेलं ऑईल दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकेल. इंजेक्टर बाहेर ठेवूनच फिरवायचं, ऑईल पिचकारीसारखं उडून जाऊ द्यायचं. तेव्हा भोकांवर वाकून बघू नका.

सिन्नरकर · ३ ऑगस्ट, सकाळी ७:३५

+१. आणि पाना लावण्याआधी मेन गियर आणि पीटीओ (मागचं अवजार फिरवणारा शाफ्ट) दोन्ही न्यूट्रलला आहेत का ते बघून घ्या. गियरमध्ये उभा ठेवलेला ट्रॅक्टर इंजिन जाम असल्यासारखाच वागतो.

गंगापूररोड · ३ ऑगस्ट, दुपारी १:२०

वाचतोय. माझा भाऊ अमेरिकेत ओहायोत असतो, त्याच्याकडे इंटरनॅशनल हार्वेस्टरचा १९६१च्या सुमाराचा कब कॅडेट आहे. सात एचपी, एक सिलेंडर, पेट्रोलवर चालणारं कोहलर इंजिन. तिकडे गार्डन ट्रॅक्टर म्हणजे मुख्यतः हिरवळ कापायचा आणि बर्फ ढकलायचा. त्याच्या दुरुस्तीत सगळा वेळ कार्बोरेटर, पॉइंट आणि कंडेन्सर यांत जातो. तो सांगतो की वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या मशीनमध्ये पेट्रोल सुकून जेटमध्ये मधासारखं घट्ट बसलेलं असतं. डिझेलमध्ये तो भाग नसतो, मग आंबूस वास कशाचा?

नोझल_सातपूर · ३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:४८

पाण्याचा. टाकी अर्धी रिकामी असली की रात्रीच्या गारव्याने रिकाम्या भागात दव धरतं, ते खाली उतरतं. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात त्या थरात सूक्ष्म जीव वाढतात आणि काळसर, शेवाळासारखी साय तयार होते. तिचाच तो वास. म्हणून ट्रॅक्टर उभा करायचा असेल तर टाकी काठोकाठ भरून उभा करावा, हे जुने ड्रायव्हर उगाच सांगत नसत.

मी सातपूरच्या मायकोत एकतीस वर्षं नोझलच्या विभागात काढली. कंपनीचं नाव २००८ साली बॉश झालं, पण नाशकात तो चौक अजून मायको सर्कलच आहे आणि माझ्याही तोंडात तेच बसलंय. म्हणून डिझेलच्या बाजूचं मी सविस्तर लिहितो, बाकी ओझरमिस्त्रींनी सांगितलंय ते शंभर टक्के बरोबर.

ते जुनं डिझेल एक थेंबही वापरू नका. टाकी उतरवून धुवा, फिल्टर नवीन टाका, टाकीपासून फिल्टरपर्यंतचे रबरी पाइप बदला. जुना पाइप बाहेरून चांगला दिसतो आणि आतून सोलून निघत असतो.

आता नोझल, म्हणजे इंजेक्टरचं टोक. आतली सुई आणि तिची बॉडी यांच्यातली फट दोन ते चार मायक्रॉनची असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. म्हणजे केसाचे वीस उभे तुकडे केले तर त्यातला एक जेमतेम मावेल एवढी ती जागा. सुई आणि बॉडी कारखान्यात जोडीनेच घासून बसवतात. त्यामुळे तीन नोझल एकाच ताटात खोलून सुया एकमेकींत मिसळल्या तर तिन्ही नोझल गेले. एका वेळी एकच खोला. पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, पिन, काहीही लावू नका. स्वच्छ डिझेल आणि लाकडाची मऊ काडी, बस. साफ झालेली सुई डिझेलमध्ये भिजवून बॉडीत एक तृतीयांश बाहेर ठेवा आणि बॉडी तिरकी धरा. सुई स्वतःच्या वजनाने अलगद खाली सरकली पाहिजे. अडखळली तर पुन्हा धुवा, तरीही अडखळली तर ती जोडी बदला.

मग पंप रूममध्ये, म्हणजे डिझेल पंप दुरुस्त करतात तिथे, नेऊन टेस्टरवर लावा. हाताच्या दांडीने दाब द्यायचा आणि घड्याळात बघायचं की नोझल कितीवर उघडतो. तुमचं इंजिन हीटर प्लगवालं (चालू करण्याआधी आतली हवा तापवणारं) आहे, त्याचा दाब डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनांपेक्षा कमी असतो. आकडा मॅन्युअलमधलाच घ्या, दुसऱ्या ट्रॅक्टरचा लावू नका. चांगला नोझल बोलतो. दांडी दाबताना कुरकुर असा आवाज येतो आणि डिझेल धुक्यासारखं फुटतं. वाईट नोझल गप्प असतो आणि टोकाशी थेंब धरतो. तो थेंब इंजिनात नीट जळत नाही, धूर तिथूनच येतो.

त्या धुक्यासमोर बोट नेऊ नका, कुणाला नेऊ देऊ नका. एवढ्या दाबाचं डिझेल कातडीतून आत शिरतं. बाहेरून टाचणी टोचल्याएवढं दिसतं, आत मांस कुजत जातं. तसं झालं तर घरी बसायचं नाही, त्याच तासाला हॉस्पिटल. आमच्या विभागात नवीन पोराला पहिल्या दिवशी पहिली गोष्ट हीच सांगायचे.

डिझेल पंप स्वतः खोलू नका. सीलबंद तसाच कॅलिब्रेशनला द्या.

कादवाकाठ · २४ ऑगस्ट, रात्री ८:३०

काका, तुमची पोस्ट छापून शेडच्या दाराला लावलीय. सगळ्यांचे मनापासून आभार.

परवा पोळा झाला. आमच्याकडे आता बैल नाहीत, आई मातीच्या बैलांची पूजा करते. पूजा आटपून शेडमध्ये गेलो. सिलेंडरमध्ये ऑईल सोडल्याचा अकरावा दिवस होता. पावसाची भुरभुर पत्र्यावर चालू होती. पाना नटवर बसवला, हलका जोर दिला, आणि टक् असा बारीक आवाज होऊन पाना बोटभर खाली आला. मी तिथेच थांबलो. उलटा फिरवला, परत तेवढाच आला. मग प्रत्येक वेळी थोडा थोडा पुढे नेत अर्ध्या तासात पूर्ण फेरा झाला. आई दारात उभी होती, तिला काय झालं ते विचारावं लागलं नाही.

जाम का झाला तेही सापडलं. सायलेन्सरचं तोंड उघडं होतं आणि बरोबर त्याच्या वर पत्र्याला खिळ्याचं भोक. सहा पावसाळे थेंब थेंब पाणी सायलेन्सरमधून उतरलं आणि ज्या सिलेंडरचा एक्झॉस्ट वॉल्व उघडा राहिला होता त्यात गेलं. तीन नंबर. ड्रेन नटमधून पहिल्यांदा पेलाभर पाणीच आलं होतं. सायलेन्सरवर एक डबा पालथा घातला असता तर यातलं काही झालं नसतं.

दिंडोरीची_ताई · २४ ऑगस्ट, रात्री ९:१५

दादा, वाचून डोळे भरून आले. आमच्याकडेही हाच ट्रॅक्टर आहे, मोहाडीजवळ बाग आहे, मी स्वतः चालवते. सासऱ्यांनी शिकवला.

इंजिनाचं जाणकार सांगतातच, मी बागेतल्या ट्रॅक्टरचं सांगते, कारण शेतातल्या आणि बागेतल्या ट्रॅक्टरला खाणाऱ्या गोष्टी वेगळ्या. आपल्याकडे बुरशीसाठी बोर्डो मिश्रणाची फवारणी चालते. एक टक्क्याचं म्हटलं तरी शंभर लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. ब्लोअर मागे असतो, पण ओळीच्या टोकाला वळलो की सगळा फवारा वाऱ्याने अंगावर येतो, आपल्याही आणि ट्रॅक्टरच्याही. मोरचुदातलं तांबं लोखंडाला लागलं की लोखंड खातं, ॲल्युमिनियमला तर त्याहून जास्त. रेडिएटरच्या जाळीत, डायनॅमोच्या मागच्या जोडांवर, बॅटरीच्या टर्मिनलला, बोनेटच्या बिजागरीत ते बसतं. तुमच्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरचे खालचे बोल्ट बघा. हिरवट निळी पूड दिसेल. ती खरवडली की खाली बोल्टाचं डोकं अर्धं गेलेलं असतं.

मी प्रत्येक फवारणीनंतर, त्याच दिवशी, इंजिन गार झालं की साध्या पाण्याने धुते. रेडिएटर आतल्या बाजूने बाहेर, म्हणजे पंख्याकडून पुढे. प्रेशर वॉशर जाळीवर मारत नाही, पाती आडवी पडतात. धुतल्यावर सगळ्या निप्पलांना ग्रीस, जुनं ग्रीस पाण्यासकट बाहेर येईपर्यंत. याला वीस मिनिटं लागतात. आमचा रेडिएटर अजून पहिलाच आहे.

अजून एक. हंगाम संपल्यावर क्लचचं पेडल खाली दाबून मध्ये लाकडाची खुंटी अडकवून ठेवायची. नाहीतर क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. तुमची सहा वर्षांत नक्की चिकटलेली असणार, त्याची तयारी ठेवा.

ओझरमिस्त्री · २५ ऑगस्ट, सकाळी ६:५०

ताई, हे कुठल्याही मॅन्युअलमध्ये इतकं नीट लिहिलेलं नाही.

दादा, इंजेक्टर बसवण्याआधी कंप्रेशन मोजून घ्या. पाणी तीन नंबरात गेलंय, तिथे फरक दिसेल. आकडा कमी आला तर त्या सिलेंडरमध्ये चमचाभर ऑईल घालून परत मोजा. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर वॉल्व किंवा गॅस्केट. ऑईल चमचाभरच. जास्त घातलं तर जागाच कमी होऊन आकडा खोटा चढतो.

कादवाकाठ · ७ सप्टेंबर, रात्री १०:२०

कंप्रेशन मोजलं. एक नंबर २७ बार, दोन नंबर २६, तीन नंबर १६. ऑईल घालून मोजलं तर १७. म्हणजे वॉल्व. हेड उतरवलं. तीन नंबरच्या एक्झॉस्ट वॉल्वच्या कडेवर गंजाचे खड्डे होते, नखाला लागत होते. भिंत बघितली तर वरच्या बाजूला फिकट तपकिरी वलय, पण हात फिरवला तर गुळगुळीत. नशीब.

अंबडला एका वर्कशॉपमध्ये हेड फेसिंग करून घेतलं. एक वॉल्व नवीन टाकला, बाकीचे पाच मी स्वतः बसून घासले. पेस्ट लावायची, सक्शनची काडी तळहातांत धरून रवी फिरवल्यासारखी मागेपुढे करायची, थोड्या वेळाने वॉल्व उचलून जागा बदलायची. सुरुवातीला खरखर येते, मग आवाज मऊ होत जातो. पुसून बघितलं की कडेला सलग राखाडी पट्टी दिसायला हवी, कुठे तुटलेली नको. मग हेड उलटं ठेवून पोकळीत डिझेल भरलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी एक थेंबही खाली नव्हता.

रेडिएटर खोलला तर अर्ध्या नळ्यांत पांढरा क्षार. आम्ही कायम बोअरचंच पाणी घालत आलो. नळ्या साफ करून घेतल्या, यापुढे कूलंट.

हीटर प्लग तीनपैकी एक मेलेला होता. बॅटरीवर लावून बघितले, दोघांची टोकं लाल झाली, एक तसाच काळा. आमच्या निफाडला डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा किती उतरतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे तिन्ही नवे टाकले.

एक प्रश्न: इंजेक्टरखालचे तांब्याचे वायसर जुनेच चालतील का? नवे मिळायला आठवडा लागणार म्हणतात.

नोझल_सातपूर · ८ सप्टेंबर, सकाळी ८:०५

नवेच घाला. अगदीच अडलं तर जुने वायसर गॅसवर लालबुंद तापवून पाण्यात टाका. लोखंड असं केल्यावर कडक होतं, तांबं उलट मऊ होतं आणि परत नीट दाबून बसतं. पण वायसर झिजून पातळ झाला असेल तर इंजेक्टर ठरल्यापेक्षा खोल जातो. म्हणून आठवडा थांबता येत असेल तर थांबा.

एअर काढताना क्रम चुकवू नका. आधी फिल्टरवरचा स्क्रू, बुडबुडे थांबेपर्यंत. मग पंपावरचा. शेवटी इंजेक्टरांचे नट अर्धा फेरा सैल करून सेल्फ मारायचा, डिझेल पाझरलं की आवळायचं. चेहरा आणि हात लांब.

ओझरमिस्त्री · ८ सप्टेंबर, सकाळी ९:३०

आणि पहिल्यांदा चालू करताना एअर फिल्टरचा पाइप काढून इंजिनाचं तोंड उघडं ठेवा, बाजूला एक सपाट फळी घेऊन माणूस उभा करा. इतके दिवस उभ्या राहिलेल्या पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी आतली पट्टी) अडकला तर इंजिन पळतं, रेस कमी करून ऐकत नाही, चावी बंद करून ऐकत नाही. तेव्हा फळी तोंडावर दाबून हवा बंद करायची. हात नाही, फडकं नाही. फडकं आत ओढलं जातं.

गंगापूररोड · ८ सप्टेंबर, दुपारी २:१०

सुटे भाग मिळतात का अजून?

सिन्नरकर · ८ सप्टेंबर, संध्याकाळी ७:००

द्राक्षपट्ट्यात मिळतात. पिंपळगाव बसवंत, दिंडोरी या बाजूला छोटे ट्रॅक्टर इतके आहेत की दुकानदाराला ठेवावेच लागतात. आणि सगळंच ट्रॅक्टरच्या नावाने मागायची गरज नसते. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ६२०५ असेल तर आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, रुंदी १५, कुठल्याही कंपनीचं घ्या. ऑईल सीलवर आतलं, बाहेरचं आणि जाडीचं माप छापलेलं असतं. पुसलं गेलं असेल तर व्हर्नियरने माप घ्या, सीलचं नाही, शाफ्टचं आणि घराचं. सील सुजलेलं असतं.

जाता जाता, दादा, आरसी बघा. नोंदणी पंधरा वर्षांची असते, १९९६चा म्हणजे कधीच संपली. रस्त्यावर काढायच्या आधी नूतनीकरण करून घ्या, ते पाच वर्षांचं मिळतं. इन्शुरन्सही.

कादवाकाठ · २१ सप्टेंबर, रात्री ९:४५

चालू झाला.

सकाळी साडेसात. धाकटा भाऊ फळी घेऊन उभा. हीटर धरला, मनात वीस मोजले, सेल्फ मारला. पहिल्या वेळी नुसतं फिरलं. दुसऱ्या वेळी एक सिलेंडर पकडलं, ढग् ढग् करून बसलं, पांढऱ्या धुराचा लोट. तिसऱ्या वेळी तिन्ही. ऑईलचा दिवा चार सेकंदांत विझला. धूर आधी पांढरा, दहा मिनिटांत विरळ होत गेला, पाणी तापल्यावर जवळजवळ दिसेनासा झाला. निळा अजिबात नाही. फळी लागली नाही, पण ती हातात होती म्हणून मी सेल्फ मारू शकलो.

आवाज ओळखीचा होता. नाना सकाळी सहाला बागेत निघायचे तेव्हा आम्ही अंथरुणात असायचो आणि हाच आवाज बांधाकडे लांब लांब जायचा.

ताई, तुम्ही म्हणालात तसंच, क्लच चिकटलाय. पेडल पूर्ण दाबलं तरी गियर पडत नाही, नुसती करकर.

दिंडोरीची_ताई · २१ सप्टेंबर, रात्री १०:००

अभिनंदन दादा!! आईंना नमस्कार सांगा.

ओझरमिस्त्री · २१ सप्टेंबर, रात्री १०:२५

लई भारी. क्लचसाठी लगेच ट्रॅक्टर फोडू नका. इंजिन अर्धा तास चालवून चांगलं तापवा, बंद करा. पुढे मोकळं रान पाहिजे, बांध-विहीर-माणसं काही नको. हलक्या गियरमध्ये टाका, पेडल पूर्ण दाबून सेल्फ मारा. ट्रॅक्टर लगेच चालायला लागेल, घाबरू नका. पेडल तसंच दाबलेलं ठेवून रेस थोडी वरखाली करा आणि ब्रेक टिपत राहा. चिकटलेली प्लेट झटक्याने सुटते. त्याआधी ब्रेक लागतात का आणि इंजिन बंद करायची दोरी काम करते का ते तपासलेलं असलं पाहिजे. एकट्याने करू नका. दोन-चार वेळा करून नाही सुटला तर मग बेल हाउसिंग (क्लचवरचं घर) खोलायचं.

कादवाकाठ · ३ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

क्लच दुसऱ्या प्रयत्नात सुटला, खळ्यावर. सुटताना पायाला कळलं, पेडल एकदम हलकं झालं.

परवा खंडेनवमीला पूजा झाली. झेंडूची माळ बोनेटला, हळदी-कुंकू, नारळ. आईने नानांचा जुना पाना, तोच ज्याने मी इंजिन फिरवलं, ट्रॅक्टरसमोर पाटावर ठेवला. मग मी आणि भावाने बागेच्या वरच्या अंगाला नऊ फुटी ओळीत दोन फेऱ्या मारल्या. दोन्ही बाजूंना हात-हात जागा राहते. मोठा ट्रॅक्टर तिथे तारांना घासतो, म्हणून त्या ओळी इतकी वर्षं माणसं लावूनच करत होतो.

एक काम राहिलंय. हायड्रॉलिकचं पांढरं ऑईल काढून दोनदा नवीन घालून फिरवून काढलं, आता स्वच्छ आहे. लिफ्ट उचलते, पण अवजार वर ठेवून इंजिन बंद केलं की दहा मिनिटांत जमिनीला टेकतं. चालू असताना मधूनमधून हिसका देते.

ओझरमिस्त्री · ३ ऑक्टोबर, दुपारी १२:१५

उचलतंय म्हणजे पंप ठीक. बंद केल्यावर उतरतंय म्हणजे अडवलेलं ऑईल कुठूनतरी परत जातंय. चालू असताना हिसका देतंय, तेही त्यामुळेच, उतरलं की व्हॉल्व परत उचलतो. दोनच जागा: लिफ्टच्या पिस्टनचं ओ-रिंग, नाहीतर कंट्रोल व्हॉल्व. इतकी वर्षं पाणीमिश्रित ऑईलमध्ये बसलेलं रबर आधी जातं, म्हणून सिलेंडर आधी खोला. अवजार काढून, लिफ्ट पूर्ण खाली टेकवून मगच. वर असताना खोलायचं नाही, खाली कुणी बसायचं नाही. पिस्टन बाहेर आला की सिलेंडरच्या भिंतीवर बोट फिरवा, गंजाचे टिपके लागले तर फोटो टाका, नुसतं ओ-रिंग बदलून मग भागणार नाही.

कादवाकाठ · ३ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

रविवारी खोलतो. खोबणीचं माप घेऊन इथे टाकतो, सिन्नरकर, ओ-रिंगचा नंबर तेवढा शोधून द्या.

सिन्नरकर · ३ ऑक्टोबर, दुपारी १:०५

खोबणीची रुंदी, खोली आणि सिलेंडरचा आतला व्यास, तिन्ही मापं पाहिजेत. पिस्टनवर प्लास्टिकची पातळ बॅकअप रिंग असेल तर ती कुठल्या बाजूला होती ते काढतानाच खडूने खूण करून ठेवा.